मडक्याखालचे दाजी

दाजींइतका घाबरट माणूस मी दुसरा पाहिला नाही. हे मी त्यांच्या माघारी त्यांची टिंगल करायची म्हणून सांगत नाही. ते स्वतःच पाहुण्यांना चहा देता देता सांगायचे, "आमच्या घराण्यात दोन गोष्टी वारशाने चालत आल्यात. दमा आणि भीती. दमा थोरल्याकडे गेला." दुबईत अल कुसैसमधल्या त्यांच्या घराच्या बाल्कनीत कधी कपडे वाळत पडले नाहीत, कारण बलदियावाले, म्हणजे नगरपालिकेचे लोक, दंड करतात असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. रस्ता दोन्ही बाजूंनी रिकामा असला तरी सिग्नलवरचा माणूस हिरवा होईपर्यंत ते तळपत्या उन्हात उभे राहायचे. पासपोर्ट आणि लेबर कार्डच्या झेरॉक्स त्यांच्या खिशात असत, गाडीत असत, आणि एक संच देव्हाऱ्यात गणपतीच्या मागेही होता. ताई वैतागली की म्हणायचे, "असू दे. देवालाही माहीत असू दे, आपण लीगल आहोत."

दाजी म्हणजे माझ्या सख्ख्या ताईचे यजमान. आता ते नाहीत. मी ठाण्यातली नोकरी गमावून व्हिजिट व्हिसावर दुबईला आलो तेव्हा त्यांच्याच हॉलमध्ये, सोफ्यावर, पाय पोटाशी घेऊन झोपायचो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. दाजी टाइल्स आणि बाथरूमचं सामान विकणाऱ्या एका कंपनीत अकाउंट्स बघायचे. ताई आणि त्यांची लेक केतकी, दोघींचा व्हिसा त्यांच्या व्हिसावर. "माझ्या एका शिक्क्यावर तीन डोकी उभी आहेत, मेव्हणे," असं ते मला नेहमी ऐकवत. मी आल्यापासून ते 'साडेतीन' म्हणायला लागले. मला जरा लागायचं ते, पण हिशेब बरोबर होता.

"चालतं का हे इथे?" हा त्यांचा तकिया कलाम. गच्चीवर पतंग उडवणं, बागेत डबा उघडणं, लिफ्टमध्ये मोठ्याने हसणं, सगळ्याला आधी हा प्रश्न. केतकी सात-आठ वर्षांची होती, ती कंटाळून म्हणायची, "Baba, nobody's even looking!" दाजी तिला समजावत, "बघत नाहीत असं आपल्याला वाटतं, बाळा." आणि खरं सांगतो, तिथे दोन महिने राहिल्यावर मलाही पोलिसांची गाडी दिसली की शर्टाची बटणं नीट करायची सवय लागली. भीती ही सर्दीसारखी असते, एका घरात राहिलं की लागते.

अशा या माणसाचा आवाज एकाच विषयावर बदलायचा. दाजी मूळचे खारेपाटातले. खाडीच्या काठचे बांध, बांधाबाहेर खाऱ्या दलदलीचं खाजण, खाजणात तिवरांची झाडं, आणि थंडी पडली की त्या खाऱ्या पाण्यावर उतरणारी बदकं. त्यांचे वडील त्या बदकांची शिकार करायचे, पण बंदुकीने नव्हे, मडक्याने. आधी आठ-पंधरा दिवस पाण्यावर रिकामी मडकी सोडून ठेवायची. बदकं सुरुवातीला बिचकतात, मग त्यांना सवय होते, मग ती मडक्यांना घासून पोहायला लागतात. त्यानंतर एका सकाळी शिकाऱ्याने डोळ्यांपुरती भोकं पाडलेलं मडकं डोक्यावर पालथं घालायचं, हनुवटीपर्यंत पाण्यात उतरायचं आणि वाऱ्याने वाहत चालल्यासारखं हळूहळू थव्यात शिरायचं. पाण्याखालून हात घालून पाय धरायचे आणि खाली ओढायचं. शेजारच्या बदकाला पत्ताही लागत नाही. "वाटतं त्याला, बुडी मारली असेल," दाजी हसत सांगायचे. कॉलेजात असेपर्यंत त्यांनी स्वतः हे केलं होतं. हे सांगताना ते ताठ बसायचे, हात पाण्याखाली असल्यासारखे टेबलाखाली जायचे, आणि "चालतं का" हा शब्द अर्धा-पाऊण तास ऐकू यायचा नाही.

वडिलांचे स्वतःचे कायदे होते. घरात खाणारी तोंडं बघून पाखरं धरायची, विकायला नाही. एकटं बसलेलं धरायचं नाही. होळी पेटली की खाजणाकडे पाठ फिरवायची, कारण तेव्हा पाखरं परत आपल्या घराकडे निघतात. पुढे सरकारची बंदी आली आणि तिची नोटीस ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली. त्या दिवशी वडिलांनी भोकाचं मडकं अंगणात नेऊन फोडलं. दाजी म्हणायचे, "पुस्तकात लिहिलंय म्हटल्यावर संपलं. बाबा पण घाबरटच."

उम्म अल क्वैनच्या बाजूला अशीच एक खाडी आहे, अशीच तिवरं आणि असंच खाजण. थंडीत दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, दाजी आम्हाला तिकडे न्यायचे. ताई पुऱ्या आणि बटाट्याची भाजी करायची. दाजी चटईवर बसून बदकं ओळखायचे: लांब शेपटीची ती तलवार बदकं, चमच्यासारख्या चोचीचे ते थापटे. काठावर एक पाटी होती, पक्ष्याच्या चित्रावर लाल काट मारलेली. त्या पाटीपासूनसुद्धा दाजी चार हात लांब बसायचे. खाजणात मोरसासारखी खारट पालेभाजी उगवलेली असायची, तिची जुडी तोडावी असं ताईच्या मनात यायचं, पण दाजी तिचा हात धरायचे. "बघ बाई, गवत पण सरकारी असेल."

घोटाळा झाला तो ऑफिसच्या पार्टीत. कंपनीचे मॅनेजर आपल्याकडचेच, दिल्लीकडचे, दिलदार वगैरे म्हणून प्रसिद्ध. त्यांनी आपल्या कुठल्याशा काकांच्या शिकारीच्या गोष्टी सांगितल्या, वाघ, जीप, सर्चलाइट. दाजी एरवी अशा वेळी बशीतला काजू निवडत बसायचे. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, ते म्हणाले, "सर, बिना बंदूक के बत्तख पकड़ते देखा है?" आणि मडक्याची गोष्ट रंगवून सांगितली. सगळे हसले. मॅनेजर हसले नाहीत. ते म्हणाले, "ये तो देखना पड़ेगा. दिखाओ यार एक बार." दाजींना वाटलं, पार्टीतलं बोलणं पार्टीत राहील. दोन दिवसांनी मॅनेजरांनी केबिनमध्ये बोलावलं. "मेरे दो गेस्ट आ रहे हैं. किसी फ्रायडे को प्रोग्राम बनाते हैं. तुम्हारा रिन्यूअल भी तो इसी महीने है ना? फाइल मेरे पास ही है." एवढंच. धमकी म्हणावी असं त्यात काही नव्हतं. पण दाजी घरी आले ते बूट न काढताच सोफ्यावर बसले.

एकीकडे नाही म्हणावं तर फाइल साहेबांच्या टेबलावर. दुसरीकडे हो म्हणावं तर लाल काट मारलेली पाटी. दाजींनी कंपनीच्या म्हाताऱ्या मल्याळी पीआरओला आडून आडून विचारलं, व्हिसाची सगळी कामं तोच करायचा. त्याने डोळे बारीक करून सांगितलं, "बर्ड को हाथ नहीं लगाने का. गन से नहीं, जाल से नहीं, हाथ से भी नहीं. अंडा भी नहीं उठाने का. पकड़ा तो खलास, सीधा एअरपोर्ट." ताई म्हणाली, "सरळ सांगा ना साहेबांना, मला नाही जमत आता. पाठ दुखते म्हणा." दाजी म्हणाले, "सांगतो." रोज सकाळी ते 'सांगतो' म्हणून जायचे आणि संध्याकाळी ताईने नुसतं बघितलं की मान हलवायचे. ताईचं त्या दिवसांत जेवणात लक्ष नसायचं. आमटीत दोनदा मीठ पडलं आणि आम्ही ती तशीच ओरपली.

मग एका गुरुवारी ते शारजाच्या कुंड्यांच्या बाजारातून मडकी घेऊन आले. मी खाली गाडीपाशी गेलो तर डिकी भरलेली. "सांगितलं नाहीत ना?" मी विचारलं. "सांगणार आहे," ते म्हणाले, "पण तयारी नसेल तर साहेबांना वाटेल मी टाळतोय." याला काय बोलणार? एका मडक्याला त्यांनी बाथरूममध्ये दार लावून भोकं पाडली. ड्रिलचा आवाज खाली ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवला होता. ताई दाराबाहेर उभी राहून मला हळूच म्हणाली, "हा माणूस मला आज कळत नाहीये रे."

मडकी सोडायला मी बरोबर गेलो. मला काही हौस नव्हती. एकटे गेले तर हार्ट अटॅक येऊन पडतील या भीतीने गेलो. भरतीची वेळ दाजींनी घरातल्या दिनदर्शिकेवरून काढली होती. खारेपाटात लहान पोरालाही येतं ते: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. "दशमी म्हणजे साडेसात. बाबांचा हिशेब आहे, पंचांग चुकेल पण हा चुकणार नाही." आम्ही सकाळी साडेसातला पोचलो तर खाडीत पाणी कुठेच नाही, सगळा चिखल. दाजींनी गाडी अजून पुढे घेतली. तिथली जमीन वरून पापडासारखी दिसते आणि खाली लिबलिबीत असते, तिला सबखा म्हणतात. मागची चाकं रुतली. फळ्या घालून, ढकलून गाडी काढेपर्यंत मी घामाने आणि भीतीने भिजलो, कारण डिकीत चादरीखाली सबंध कुंभारवाडा होता. दाजींनी चिखलाकडे बघून ठरवलं की वाऱ्याने पाणी बाहेर ओढलंय. तृतीयेच्या शुक्रवारी दुपारी पुन्हा गेलो तेव्हा नेमकं पाणी भरलेलं मिळालं, आणि मग त्यांना कोणी समजावू शकलं नसतं. "बघितलंत, मेव्हणे? समुद्र एकच आहे." मडक्यांची तोंडं प्लास्टिकने बांधून, दगडाला दोरीने अडकवून आम्ही ती पाण्यावर पालथी सोडली. बदकं उठून लांब जाऊन बसली.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल काय सांगू? दाराची बेल वाजली की घरातले तिघेही एकमेकांकडे बघायचे. एकदा गॅस सिलेंडरवाला आला तर दाजींनी दार उघडायच्या आधी पँट बदलली. मला दोन इंटरव्ह्यूचे फोन आले होते, पण मी तिथे बसून समोरच्या माणसाच्या मागे भिंतीवर बघत होतो. आठवड्याच्या मध्ये आम्ही लांबून मडकी बघून यायचो, गाडीतून न उतरता. बदकं परतली होती. आधी पलीकडच्या काठाला, मग मधे, आणि एका संध्याकाळी दोन तलवार बदकं मडक्याला खेटून चोच पंखात खुपसून झोपलेली दिसली. दाजींनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. मला वाटलं, घाबरले. मी म्हटलं, "अजून सांगता येईल साहेबांना." त्यांनी गाडी सुरू केली.

पुढचा शुक्रवार पुन्हा दशमीचा; चढत्या भरतीबरोबर आत शिरायचं म्हणून दाजींनी सगळ्यांना साडेसातच्या तासभर आधीच बोलावलं होतं. मॅनेजर त्यांची मोठी गाडी घेऊन आले, बरोबर दोन पाहुणे, दुर्बीण, थर्मास, सँडविचेस. पिकनिकच. दाजींनी तिवरांमागे जाऊन कपडे काढले, अंगात जुनी काळी जर्सी आणि हाफ पँट चढवली, मडकं घेतलं. त्यांचे ओठ निळसर झाले होते, थंडीने की कशाने. मला म्हणाले, "काही झालं तर ताईला म्हणावं, कपाटातल्या फाइलमध्ये सगळं क्रमाने लावलंय." मी म्हटलं, "दाजी, अजूनही चला परत." ते पाण्यात उतरले. या वेळी पाणी होतं, त्यांच्या छातीपर्यंत, पुढे हनुवटीपर्यंत. मडकं डोक्यावर बसलं आणि दाजी दिसेनासे झाले. पाण्यावर आता नुसती मडकी होती, आणि त्यातलं एक अगदी सावकाश बदकांकडे सरकत होतं.

पाहुण्यांनी आळीपाळीने दुर्बीण लावली. मॅनेजर हळू आवाजात "कमाल है, कमाल है" म्हणत होते. मी मात्र रस्त्याकडे बघत होतो, म्हणून ती पांढरी पिकअप आधी मला दिसली. दारावर बलदियाचं चिन्ह होतं. मी वळून "सर" म्हणेपर्यंत मॅनेजरांनीही ती पाहिली होती. त्यांनी थर्मासचं झाकण लावलं, पाहुण्यांना गाडीत बसवलं आणि मला म्हणाले, "यल्ला, हम निकलते हैं. तुम लोग संभाल लो." गाडी गेली. घाईत एक सँडविच तिथेच पडलं होतं.

पिकअपमधून एक वयस्कर इन्स्पेक्टर उतरला, अंगात पांढरा पायघोळ कंदुरा, पायात रबरी बूट. तिकडचे जुने लोक हिंदी छान बोलतात. "क्या करता है इधर?" मी म्हटलं, पक्षी बघतोय. तो माझ्या शेजारी उभा राहिला आणि पक्षी बघायला लागला. मला ओरडता येईना, खूण करता येईना. दाजींना मडक्याच्या भोकांतून फक्त पुढचं दिसत होतं. ते थव्याच्या अगदी जवळ पोचले होते. आता त्यांनी एक पाय ओढला आणि हातात बदक घेऊन उभे राहिले, की संपलं सगळं. ताई, केतकी, शाळा, घर, सगळं त्या पाण्याखालच्या हातात होतं. मी मनातल्या मनात "नको, नको" एवढंच म्हणत होतो.

आणि तेवढ्यात मला दिसलं की साडेसातपर्यंत चढायला हवं ते पाणी उतरतंय. बाबांचा हिशेब खारेपाटाचा होता, खाडी मात्र वेगळी होती. बाकीची मडकी पाण्याबरोबर खाली जात होती, ते एक मडकं मात्र वर येत होतं. त्याला आधी मान फुटली, मग काळे खांदे. दाजींच्या ते लक्षात आलं असावं, कारण मडकं गपकन खाली गेलं. त्यांनी गुडघे टेकले असणार. थोड्या वेळाने पुन्हा खांदे. पुन्हा खाली. इन्स्पेक्टर हे बघत होता. मग त्याने दाढी खाजवली आणि मला विचारलं, "वो मटका तुम्हारा आदमी है?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? एक बदक एकदम फडफडून उठलं, त्यामागे अख्खा थवा उठला, आणि गुडघाभर पाण्यात, डोक्यावर मडकं घेऊन दाजी एकटे उभे राहिले. त्यांचे दोन्ही हात रिकामे होते.

काठावर येऊन त्यांनी मडकं उतरवलं, खाली ठेवलं, आणि गाडीतून प्लास्टिकच्या पिशवीतली झेरॉक्स काढून इन्स्पेक्टरला दिली. त्याने मागितली नव्हती. त्याने ती वाचली. "पकड़ा?" "पकड़ा था, साहब." "फिर?" "छोड़ दिया." "क्यों?" दाजींनी वाकून खाली ठेवलेलं मडकं सरळ केलं. इन्स्पेक्टरने आमच्याकडून सगळी मडकी, दोऱ्या, दगड गोळा करून घेतले आणि म्हणाला, "कल ऑफिस आना. दोनों."

शनिवारी दाजी ऑफिसला सुट्टी टाकून बलदियात निघाले ते बॅग घेऊन. टूथब्रश, टॉवेल, दोन जोड कपडे, ॲसिडिटीच्या गोळ्या. ताईने ती बॅग रात्रीच भरून दारापाशी ठेवली होती. तिने त्यांच्या हातावर दही ठेवलं आणि आत निघून गेली. केतकीने विचारलं, "Is Baba going on a tour?" ताईने तिला आतूनच हाक मारली. गाडीत दाजी एकच वाक्य बोलले, "सीट बेल्ट लावा, मेव्हणे."

इन्स्पेक्टरच्या खोलीत आणखी एक तरुण अधिकारी होता. तो कडक होता, टेबलावर पेन आपटत बोलायचा. त्याला हवं होतं ते एवढंच: ती मोठी गाडी कोणाची होती? ती त्यांनी लांबून पाहिली होती. "किसने बोला तुमको ये करने को? नाम बोलो, तुम्हारा केस खलास." मी दाजींकडे बघत होतो. एवढं साधं होतं. कोणी पाठवलं ते सांगायचं आणि मोकळं व्हायचं. माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. दाजींनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला आणि म्हणाले, "कोई नहीं, साहब. मैं खुद आया. वो लोग देखने आए थे." पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. म्हातारा इन्स्पेक्टर खुर्चीतून उठला. मग त्या तरुणाशी अरबीत काहीतरी बोलला. शेवटी सोडलं. पाखरू मेलं नव्हतं, हातात सापडलं नव्हतं. मडकी जप्त, नाव नोंदवलेलं, आणि म्हाताऱ्याची ताकीद: "दूसरी बार नहीं. दूसरी बार मैं भी कुछ नहीं कर सकता."

घरी ताईने शिरा केला. त्या एका संध्याकाळी आम्ही सगळे खूप हसलो. मी मडक्याला मान फुटली ती गोष्ट तीनदा सांगितली. पण सरकारने सोडलं तरी साहेबांनी सोडलं नाही. दाजींनी बलदियात काय सांगितलं याची मॅनेजरांना खात्री नव्हती, आणि विचारायची लाज असावी. असा माणूस समोर नको झाला. आठवड्याभरात कळलं, "कंपनी स्ट्रक्चर चेंज कर रही है," रिन्यूअल होणार नाही. जन्मभर दाजी ज्यांना भ्यायले त्यांनी त्यांना शिरा खायला घरी पाठवलं, आणि ज्याच्यासाठी ते पाण्यात उतरले त्याने घालवलं. मला आजही याचा राग येतो. दाजींनी दुसरीकडे नोकरी बघितली, पण मुदत थोडी होती. गंमत अशी की त्याच सुमारास मला दुबईतच, देऱ्यात, नोकरी लागली. त्यांचा शिक्का गेला आणि माझा आला.

ताई तो महिनाभर त्यांच्याशी कामापुरतं बोलली. ती खोकी बांधायची, दाजी त्यावर नावं लिहायचे. तिचा एकच सवाल होता, आणि तो ती त्यांना न विचारता मला विचारायची, ते ऐकतील अशा आवाजात: "नाव घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? ज्याने पाठवलं त्याचं नाव. खोटं तर नव्हतं ना?" माझाही तोच सवाल होता. भित्रेपणाने गप्प बसले असं मी धरून चाललो होतो. साहेबांना भ्यायले, दुसरं काय.

दुपारची फ्लाइट होती. दाजींनी आम्हाला एअरपोर्टवर इतक्या लवकर नेलं की काउंटरच उघडला नव्हता. आम्ही बॅगांवर बसून राहिलो. केतकी फरशीवर चित्र काढत होती. मी म्हटलं, "दाजी, आता तरी सांगा. नाव का नाही घेतलंत?"

त्यांनी ताईकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे. "खोटं झालं असतं ते," ते म्हणाले. "साहेबांनी सांगितलं म्हणून गेलो असं तुम्हाला वाटतं. मलाही वाटत होतं. पण त्यांनी नसतं सांगितलं तरी एक दिवस मी गेलोच असतो. इथे आल्यापासून रोज सकाळी उठलो की आधी भीती वाटते, मग आठवतं कशाची. त्या दिवशी मडकं डोक्यावर घेतलं, पाण्यात गेलो, आणि नव्हती. सगळीकडे पाखरं, अगदी कानाशी. पाणी गार. पण भीती नाही. मी शोधली, मेव्हणे. नव्हतीच."

"मग सोडलंत का?"

"पाय हातात आला. आणि ते घाबरलं. ओरडलं नाही, नुसतं पायातून कळलं मला. इतकी वर्षं आतून ओळखतो मी ते." त्यांनी मूठ उघडली. "माझी गेली होती आणि मी ती त्याला देत होतो. सुटला हात."

काउंटरचे दिवे लागले. रांग हलली. ताई इतका वेळ दुसरीकडे बघत होती. ती उठली, दाजींच्या शर्टाची वरची बटणं लावली आणि म्हणाली, "हे मला घरी सांगायचं नाही होय? महिनाभर मी तुमच्याशी बोलले नाही."

"तू रागावली होतीस," दाजी म्हणाले, "तुला घाबरलो."

ताई हसली आणि रडायला लागली, दोन्ही एकदम. मग तिने केतकीचा हात धरला, दाजींनी ट्रॉली ढकलली, आणि ते तिघे आत गेले.